सोमवारचं पान

१

सोमवारचं पान वहीत नव्हतं.

घड्याळजींच्या मुलीनं पानं तीनदा पुढेमागे उलटली. डावीकडे रविवारच्या नोंदी होत्या. कुणाला कॉफी कडू लागली होती, कुणाचं तान्हं बाळ इथल्या बाकावर दोन तास शांत झोपलं होतं. त्याच्या समोर, उजवीकडे, एकदम बुधवार. मधले दोन दिवस जणू उजाडलेच नव्हते.

"बाबांनी सोमवारी संध्याकाळी फोन केला होता," ती म्हणाली. "म्हणाले, कॉफीच्या दुकानातल्या वहीत आज तुझ्यासाठी लिहिलंय, आलीस की वाच. दुसऱ्या दिवशी ते गेले. आठ दिवस मी घर आवरतेय. आज चारच्या बसनं परत जायचंय, म्हटलं जाताना तेवढं वाचून जावं. तर नेमकं तेच पान नाही."

काउंटरमागे दुकानाचा मालक गोरामोरा होऊन उभा होता. वही त्याचीच कल्पना. दाराशेजारच्या फळीवर ती कायम उघडी असायची आणि तिच्या पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, 'काय अनुभव आला ते लिहा. खरं लिहा.' लोक लिहायचे. सर्वांत जास्त लिहायचे घड्याळजी. गल्लीच्या टोकाला त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. रोज दुपारी चारला ते यायचे, नोंदीवर वार आणि मिनिटापर्यंत वेळ घालायचे, आणि कॉफीपासून गिऱ्हाइकांपर्यंत कुणालाही सोडायचे नाहीत. त्यांचं बघून बाकीचे लोकही गमतीनं वेळ घालायला लागले होते.

"बाबांनी तुमच्या दुकानाबद्दल वाईट लिहिलं असेल," मुलगी मालकाला म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण शब्द टोचत होते. "म्हणून काढलंत का तुम्ही ते?"

उत्तर आलं ते कोपऱ्यातल्या टेबलावरून.

"गट्टूनं आजवर साधी माशी मारलेली नाही. आण ती वही इकडे."

गट्टू हे मालकाचं लहानपणचं नाव. ते चारचौघांत घेण्याचा अधिकार एकीलाच होता, त्याच्या थोरल्या बहिणीला, अक्काला. अक्कानं बत्तीस वर्षं पुस्तकं बांधली होती. बोटांच्या पेरांना सुया टोचून टोचून घट्टे पडले होते. ही वहीसुद्धा तिनंच शिवली होती, भावाच्या दुकानासाठी, जाड दोऱ्यानं, दहा वर्षं टिकेल अशी. त्या वहीतून कुणीतरी पान नेलं म्हणजे तिच्या घरात शिरून कपाट उघडल्यासारखंच होतं.

तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सव्वादहा.

"चारला बस ना तुझी?" ती मुलीला म्हणाली. "त्याच्या आत तुझ्या हातात ते पान देईन. नाही दिलं, तर या वहीला यापुढे हात लावणार नाही."

मग तिनं चष्मा चढवला, वहीच्या खाचेत बोट घातलं, आणि तिच्या कपाळावर आठी पडली.

"अरे," ती हळूच म्हणाली, "यानं तर माझं काम करायचा प्रयत्न केलाय."

२

वही शिवताना कागद मधोमध दुमडून एकात एक घालतात आणि घडीतून दोरा ओवतात. त्यामुळे प्रत्येक पानाला एक जुळं पान असतं. एक पुढच्या अर्ध्यात, दुसरं मागच्या अर्ध्यात, पण कागद एकच. घडीजवळून एक कापलं की दुसऱ्याला धरून ठेवणारं कुणी उरत नाही. चार दिवसांत ते गळून हातात येतं.

अक्कानं बोटं मोजत जुळं पान शोधलं. ते जागेवर होतं. पण ओढून पाहिल्यावर ते दोऱ्याच्या जोरावर नाही, चिकटवलेलं आहे हे कळलं. घडीपाशी काचेसारखी चकचकीत, कडक रेघ होती.

"हे बघा," ती भावाला आणि मुलीला म्हणाली. "पान फाडलेलं नाही. बारीक पात्यानं कापलंय, एका दमात, हात न थरथरता. जुळं पान सुटलं, तेव्हा त्याला वाईट वाटलं. दुसऱ्या कुणाचा अनुभव आपल्यामुळे हरवू नये म्हणून ते त्यानं नीट जागेवर बसवलं. आता सांगा, रागावलेला माणूस असं करतो?"

"नाही करत," मालक म्हणाला.

"आणि असं चिकटवायला वेळ लागतो. वर वजन ठेवावं लागतं. तुझ्या दुकानात भर गर्दीत कुणी हे करत बसलं असतं, तर तू बघितलं असतंस."

"म्हणजे?"

"म्हणजे वही इथून बाहेर गेली होती. आणि परत आली."

मालक खुर्चीत बसला. आठ तास जिच्याकडे पाठ करून तो उभा असायचा, ती वही फिरून आली होती आणि त्याला पत्ता नव्हता.

"कोण कोण चिडलं होतं रे घड्याळजींवर?" अक्कानं विचारलं.

मालकानं मान खाली घातली. "खरं सांगू? एक तर आमचीच आहे."

३

ती काउंटरवर काम करायची. डोक्यावर कुरळ्या केसांचं रान, म्हणून सगळे तिला कुरळी म्हणायचे. लागून तीनच आठवडे झाले होते. अक्कानं तिला समोर बसवलं तेव्हा तिनं फडकं हातातून सोडलं नाही.

"पहिल्याच आठवड्यात त्यांनी लिहिलं होतं, 'कॉफी कोमट, मुलगी त्याहून कोमट'," कुरळी म्हणाली. "मी घरी जाऊन रडले. पण ते पान अजून आहे वहीत. मला कापायचंच असतं तर ते कापलं असतं."

हे बरोबर होतं. अक्कानं ते पान आधीच पाहिलं होतं.

"वही कधी जागेवर नव्हती, आठवतंय?"

"रविवारी माझी सुट्टी असते. शनिवारी संध्याकाळी होती. या सोमवारी सकाळी फळी पुसताना उचलली तर तिला वास येत होता." कुरळीनं नाक मुरडलं. "नेलपॉलिशसारखा. मला वाटलं, कुणीतरी पोरीनं सांडलं असेल."

अक्कानं वही नाकाशी नेली. वास उडून गेला होता, पण तिनं मनात गाठ मारली. पुस्तकं चिकटवायच्या तिच्या खळीला पिठाचा वास यायचा, बाजारातल्या डिंकाला आंबूस. नेलपॉलिशच्या वासाचं चिकटद्रव्य म्हणजे घरातलं नव्हे, कुठल्यातरी धंद्यातलं.

दुसरे संशयित आपण होऊन आले. शेजारच्या इमारतीच्या सोसायटीचे सेक्रेटरी. साडेअकराला ते दोन सभासदांना घेऊन येत, एक कॉफी मागवत आणि तीन तास बैठक घेत. घड्याळजींनी ते वहीत वेळेसकट चार वेळा टिपलं होतं.

"मी म्हणालो होतो, हे पान फाडून टाकीन," सेक्रेटरी खुर्चीत ऐसपैस बसत म्हणाले. "चारचौघांत म्हणालो होतो. लपवत नाही."

"फाडलंत का?"

"अक्का, मी गेली अकरा वर्षं सोसायटीचा जिना रंगवीन म्हणतोय." त्यांनी मिशीतल्या मिशीत हसून घेतलं, मग चेहरा उतरला. "त्या सोमवारी मी पलीकडेच बसलो होतो. म्हातारा लिहिता लिहिता स्वतःशीच हसत होता. मला वाटलं, माझ्यावरच लिहितोय, म्हणून मान लांब करून बघितलं. त्यानं हातानं पान झाकलं. परीक्षेत पोरं झाकतात तसं. आता वाटतं, लिहिलं असतं माझ्यावर तरी चाललं असतं."

घड्याळात पाऊण वाजला. मुलगी सामान आणायला घरी जाऊन परत आली होती आणि दाराजवळ बॅगेवर हात ठेवून बसली होती. अक्कानं वही पुन्हा उघडली. सगळे जण त्या रिकाम्या खाचेकडे बघत होते. तिनं समोरच्या पानाकडे बघितलं, बुधवारच्या. कुणीतरी निळ्या शाईनं लिहिलं होतं, 'बिस्किटं मऊ पडली होती, पण बोलणी खुसखुशीत.' त्या ओळींच्या खाली, कागदावर, राखेचा हात फिरल्यासारखी करडी झाक होती.

तिनं बोट फिरवलं. बोटाला काळं लागलं.

"गट्टू," ती म्हणाली, "घड्याळजी कशानं लिहायचे?"

"शाईच्या पेनानं. आयुष्यभर."

"मग हे शिसपेन्सिलीचं कुठून आलं?"

४

समोरासमोरची पानं मिटून राहिली की एकाची पेन्सिल दुसऱ्यावर उतरते. उलटी उतरते, आरशातल्यासारखी. बुधवारच्या पानासमोर, पान कापण्याआधी, हरवलेल्या पानाची मागची बाजू होती. म्हणजे मागे पेन्सिलीचं काहीतरी होतं.

कॉफीच्या यंत्राची एक बाजू लख्ख चकचकीत होती. कुरळीनं वही तिच्यासमोर धरली. करड्या धुरळ्यात रेघा दिसू लागल्या. खिडकीची चौकट, एक खांदा, टेबलाची कड. चेहऱ्याच्या जागी नुसता ढग. पण खालच्या कोपऱ्यात दाबून लिहिलेलं स्पष्ट उमटलं होतं. मंगळवार, दहा पंचावन्न.

"चित्र आहे," कुरळी म्हणाली. "चित्रंवाल्या ताईंचं."

चित्रंवाल्या ताई मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायच्या आणि दुपारची कॉफी इथेच घ्यायच्या. त्या आल्या तेव्हा सेक्रेटरींनी अर्थपूर्ण नजरेनं त्यांच्या पिशवीकडे बोट दाखवलं. पिशवीत पेन्सिलीला टोक करायचं पातं होतं.

"माझंच चित्र मी कशाला कापू?" ताई म्हणाल्या. वही पाहून त्यांना खरोखरच वाईट वाटलं होतं. "चांगलं जमलं होतं ते. मंगळवारी सकाळी एरवी मी येत नाही, त्या दिवशी आले. दुकान रिकामं होतं."

"मी मंगळवारी सकाळी कॉफीच्या बिया आणायला जातो," मालकानं पुस्ती जोडली. "कुरळी एकटीच असते."

"खिडकीपाशी एक माणूस बसला होता," ताई सांगू लागल्या. "पंचेचाळिशीचा असेल. कॉफी मागवली आणि घोटही न घेता बसल्या बसल्या झोपला. हनुवटी हातावर. इतका थकलेला चेहरा मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. कागद संपले होते, म्हणून वहीत काढलं."

"आठवतोय मला," कुरळी म्हणाली. "कप तसाच भरलेला परत घेतला मी. आधी कधी पाहिलं नव्हतं त्यांना. नंतरही नाही."

"पुन्हा काढता येईल?" अक्कानं विचारलं.

ताईंनी कागदी रुमाल ओढला. पेन्सिल फिरू लागली. रुंद कपाळ, डोळ्यांखालच्या सुरकुत्या, एका बाजूला झुकलेली मान. दाराजवळ बसलेली मुलगी उठून कधी जवळ आली हे कुणालाच कळलं नाही.

"हा तर दादा आहे," ती म्हणाली. "माझा आत्येभाऊ. बाबांजवळ राहतो तो."

मालकानं वाकून पाहिलं आणि होकारार्थी मान हलवली. घड्याळजींचा भाचा. रोज चारला मामाला दुकानाच्या पायरीपर्यंत सोडायचा आणि तिथूनच मागे फिरायचा. आत कधी आला नव्हता, म्हणून कुरळीनं त्याला ओळखलं नव्हतं. नाही म्हणायला या रविवारी आला होता, मामांचा चष्मा राहिलाय का बघायला. गर्दीत मालकानं त्याला 'बघ बाबा तूच' म्हटलं होतं.

मुलीनं रुमाल हातात घेतला.

"पण हे शक्य नाही," ती म्हणाली. "बाबा मंगळवारी अकराला गेले. शेजारणीनं स्टूल पडल्याचा आवाज ऐकला, तेव्हा रेडिओवर अकराच्या बातम्या लागत होत्या. आणि दादा पलीकडच्याच खोलीत होता. धावत आला, बाबांचा हात धरला. त्यानं स्वतः सांगितलंय मला."

अक्कानं चष्मा काढून पदरानं पुसला. घड्याळाच्या दुकानात बारीक पाती असतात, डोळ्यांतलं कुसळ काढावं इतकी बारीक. आणि काच बसवायचं सोल्युशन असतं, जे सुकलं की काचेसारखंच होतं.

"चल," ती मुलीला म्हणाली. "बॅग इथेच राहू दे."

५

घड्याळाच्या दुकानात भाचा एकटाच होता. डोळ्याला भिंग लावून कुणाचं तरी मनगटी घड्याळ उघडून बसला होता. दोघींना एकत्र बघून त्यानं भिंग काढलं. अक्काच्या हातात वही होती.

"पान दे," अक्का म्हणाली.

"कुठलं पान?"

"सकाळपासून मी पण हेच विचारतेय. सगळे विचारत होते, घड्याळजींनी काय लिहिलं होतं की कुणीतरी ते कापावं. कुणी हे विचारलं नाही, की त्या पानाच्या मागे काय होतं. पानाला दोन बाजू असतात, बाबा, आणि पात्याला एकच बाजू कापता येत नाही. तुला मागची नको होती. पुढची तिच्याबरोबर गेली."

अक्कानं जुळं पान उघडून ती चकचकीत रेघ त्याला दाखवली.

"हे तुझ्या धंद्यातलं आहे. आणि सुटलेलं पान परत बसवलंस, म्हणून मला कळलं की हा माणूस चोर नाही. असा माणूस मामाचं अक्षर जाळणार नाही. ते इथेच आहे."

मग त्यानं टेबलाचा खालचा खण उघडला. पान कापडात गुंडाळलेलं होतं, चित्राची बाजू वर. त्यानं ते बहिणीसमोर ठेवलं आणि हात मागे घेतला.

"तू बसमधून उतरलीस आणि पहिलंच विचारलंस, तू जवळ होतास ना रे," तो म्हणाला. "इतक्या आशेनं विचारलंस. मी हो म्हणालो. मग कसा आलास, काय बोलले, हात धरलास का. मी हो, हो म्हणत गेलो. एकदा सुरू झालं की थांबता येत नाही गं. रविवारी तू म्हणालीस, बाबांनी वहीत काहीतरी लिहिलंय, ते वाचायचंय. म्हटलं, आधी आपण बघून यावं. शेवटची नोंद म्हणून वही मागून चाळत गेलो. हे समोर आलं. मी झोपलेला, आणि खाली वेळ. वही पिशवीत घालून इथे आणली, आणि संध्याकाळी गर्दीत परत फळीवर ठेवली."

"पुढची बाजू?" मुलीनं विचारलं.

"नाही वाचली. मामांचं अक्षर बघायची हिंमत झाली नाही."

मुलीनं पान उलटलं. अक्का दाराकडे वळली, पण मुलीनं तिचा हात धरून ठेवला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

"'सोमवार, चार वाजून दहा मिनिटं. कॉफी गरम. नव्या मुलीला जमू लागलंय. सेक्रेटरी मान लांब करून बघतायत, त्यांच्याबद्दल आज काही लिहीत नाही, तेवढीच शिक्षा. पोरी, हे तुझ्यासाठी. तू म्हणतेस तिकडे राहायला या. येत नाही, कारण इथे मला सांभाळणारा एक आहे आणि त्याला सांभाळायला मी सोडून कुणी नाही. डॉक्टरांनी एकटं सोडू नका म्हटल्यापासून चार महिने तो धड झोपलेला नाही. मला पायरीपर्यंत आणतो आणि पळत मागे जातो, दुकान उघडं असतं म्हणून. एवढ्या जवळ राहून इथली कॉफी त्यानं चाखलेली नाही. उद्या सकाळी मी त्याला घराबाहेर काढणार आहे. तासभर तरी. ऐकलं नाही तर आतून कडी लावीन. माझं व्हायचं ते तो पलीकडच्या खोलीत असला तरी होईलच. तो माझा भाचा नाही, मुलगाच आहे. हे त्याला तोंडावर सांगता येत नाही, लगेच डोळ्यांत पाणी आणतो. तू सांग कधीतरी.'"

भाच्यानं भिंग मुठीत घट्ट धरलं होतं. त्याचे खांदे हलत होते.

मुलीनं पान हळूच कापडावर ठेवलं. तिच्या चेहऱ्यावर माया होती आणि रागही होता, आणि दोहोंपैकी एकही ती लपवत नव्हती.

"बाहेर गेलास त्याचा मला राग नाही," ती म्हणाली. "खोटं बोललास त्याचा आहे. आठ दिवस मी ते खोटं चित्र डोळ्यांपुढे आणून झोपतेय. तू हात धरलायस, बाबा तुझ्याकडे बघतायत. आता ते गेलं. त्याच्या जागी मला काहीतरी दे. खरं असेल ते दे, कितीही वाईट असू दे."

तो मान वर करेना. तिनं स्टूल ओढलं आणि त्याच्यासमोर बसली.

"मी आज जात नाही," ती म्हणाली. "उद्याही नाही, तू सांगेपर्यंत."

अक्कानं दुकानाच्या दारावरची पाटी उलटी केली, 'बंद आहे'. तिनं वही काखेत मारली. ते पान पुन्हा शिवायला ती सहज नेऊ शकली असती, पण तिनं त्याला हात लावला नाही.

दार ओढून घेताना तिला भाच्याचा आवाज ऐकू आला, घोगरा, पण न थांबणारा.

"सव्वाअकराला परत आलो. आतून कडी होती. वाटलं, झोपलेत. उठवायला नको म्हणून पायरीवर बसून राहिलो. दहा मिनिटं..."

"हं," मुलगी म्हणाली. "मग?"